पहिली थाप कुठं गेली? वाचनालयाच्या लॅपटॉपच्या नोंदी, ऑगस्ट-सप्टेंबर २०२४

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

आज लॅपटॉप डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती ११ वरून १२ वर नेला. आजच हात घालायचं कारण असं की ११ ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑगस्टला थांबते, पुढचा भार एलटीएस (दीर्घकालीन आधार) गटाकडे जातो. आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला आहे. ऐन चवथीच्या तोंडावर मशीन उघडून बसायचं नव्हतं. महिना हाताशी असताना काही बिघडलंच तर निस्तरता येईल, असा हिशेब केला.

मशीनची माहिती लिहून ठेवते, पुढं कुणाला लागेल. इंटेलचा दहाव्या पिढीचा कॉमेट लेक प्रोसेसर, आवाजाची चिप रिअलटेकची, स्क्रीनच्या वरच्या पट्टीत डिजिटल माइक, डाव्या कुशीला हेडफोनचा एकच जॅक. डेस्कटॉप ग्नोम. वाचनालयात इंटरनेट केबलनं येतं.

या लॅपटॉपवर आमची दोन कामं चालतात. वाड्यावरच्या घुमट आरतीच्या (घुमट म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं वाद्य) जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवणं हे एक. २३ पैकी ६ झाल्या. दुसरं, दर रविवारी संध्याकाळी मुलांना त्या ऐकवणं. घुमट शिकवणारे नाना समोर बसून हात दाखवतात, मुलं ऐकून हात बसवतात. घुमटाला २०१९ साली गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. पण आमच्या वाड्यावर ते कसं वाजत होतं, याचा पुरावा म्हणजे या २३ कॅसेटी, आणि दर पावसाळ्यात त्यांच्या फितीवर बुरशी चढते. म्हणून या लॅपटॉपचा आवाज जाणं आम्हाला परवडत नाही.

सकाळी आधी सगळी ध्वनिमुद्रणं बाहेरच्या डिस्कवर उतरवली आणि दोन फायली उघडून, वाजवून बघितल्या. मग पॅकेजांच्या स्रोतांच्या फाइलीत जिथं जिथं बुल्सआय (११ चं नाव) होतं तिथं बुकवर्म (१२ चं नाव) केलं. आधी किमान अपग्रेड, मग पूर्ण. दोनदा लाइट गेली, बॅटरीनं तारलं. शेवटी जुन्या, कुठल्याच स्रोतात न उरलेल्या पॅकेजांची यादी काढून ती साफ केली. यादी लांब होती. वरवर डोळा फिरवला आणि होय म्हटलं.

मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा छान आला. आवाज नाही. सेटिंगमध्ये आउटपुटच्या जागी एकच नाव: डमी आउटपुट.

४ ऑगस्ट, रविवार

डमी आउटपुट म्हणजे काय, ते आधी समजून घेतलं. आवाजाची व्यवस्था तीन थरांची आहे. सगळ्यात खाली कर्नलमधला (प्रणालीच्या गाभ्यातला) अल्सा. तो चिपशी बोलतो. त्याच्यावर पाइपवायर, सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करून खाली पाठवणारा. आणि कुठला आवाज कुठं जोडायचा, कोण जागं राहील, कोण झोपेल हे ठरवणारा वायरप्लंबर. डेबियन ११ मध्ये मधल्या जागेवर पल्सऑडिओ होता; १२ मध्ये ग्नोमसाठी पाइपवायर आला. खाली एकही कार्ड सापडलं नाही की पाइपवायर प्रोग्रामांची समजूत राखायला एक खोटं आउटपुट उभं करतो. व्हिडिओ चालतो, आवाज हवेत जातो.

त्यामुळे बघायचं होतं ते वरच्या थरात नाही, तळाशी. अल्साला कार्डांची यादी विचारली तर उत्तर आलं की एकही कार्ड नाही. पीसीआयच्या, म्हणजे मशीनच्या आतल्या उपकरणांच्या, यादीत मात्र इंटेलचं आवाजाचं उपकरण दिसत होतं. म्हणजे वस्तू जागेवर आहे, तिला चालवणारं कुणी नाही.

बरेच जण इथं पाइपवायर काढून पल्सऑडिओ परत घालायला धावतात. मलाही तोच मोह झाला, कारण नवीन काय आलं तर पाइपवायर. पण ज्याच्या खाली कार्डच नाही त्याला बदलून उपयोग काय? ते केलं नाही, आणि त्यामुळे निदान एक दिवस वाचला.

मग एक चाचणी केली. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या पडद्यावर ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी एक पर्याय जोडला, ज्यानं इंटेलच्या आवाजासाठी डीएसपीचा (आवाजासाठीच्या वेगळ्या छोट्या प्रोसेसरचा) मार्ग सोडून जुना एचडीए मार्ग धरला जातो. तो पर्याय म्हणजे डीएसपी-ड्रायव्हरची किंमत १. हा बदल त्या एका सुरुवातीपुरताच असतो, म्हणून निर्धास्त करता येतो. मशीन सुरू झालं आणि स्पीकर वाजला.

मुलं पायरीवर वाट बघत होती. तालीम झाली. पण शेवटी नानांचं एक बोलणं टिपून घ्यायला गेले तर माइकच नाही. यादीत त्याचं नावसुद्धा नाही.

हे का, ते रात्री वाचून कळलं. झाकणातले डिजिटल माइक थेट डीएसपीला जोडलेले असतात. जुन्या एचडीए मार्गाला ते दिसतच नाहीत. म्हणून कर्नल आधी बघतो की मशीनला असे माइक आहेत का, आणि असतील तर स्पीकर, जॅक, एचडीएमआय असं सगळं कार्डच डीएसपीच्या ताब्यात देतो. डीएसपी उभा राहिला नाही तर माइकाबरोबर स्पीकरही जातो. मी केलेला उपाय म्हणजे पुढचं दार अडकलं म्हणून मागच्या दारानं घरात शिरणं. राहता येतं, पण पुढचं दार का अडकलं ते बघायला हवंच.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार, वाचनालयात कुणी नाही. निवांत बसले.

कालचा पर्याय न देता मशीन सुरू केलं आणि कर्नलच्या नोंदींतून एसओएफ हा शब्द शोधला. एसओएफ म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर, डीएसपीमध्ये भरायची आज्ञावली. ओळ स्वच्छ होती: एसओएफ-सीएमएल नावाची फाइल मागितली, मिळाली नाही, चूक उणे २. कर्नलच्या भाषेत उणे २ म्हणजे अशी फाइलच नाही. फर्मवेअरच्या फोल्डरात जाऊन बघितलं. तिचं पूर्ण फोल्डरच नव्हतं.

शनिवारी दुपारपर्यंत तर आवाज होता. मग फाइल गेली कुठं? एपीटी हे पॅकेजं घालायचं-काढायचं साधन आपण केलेल्या प्रत्येक कामाची तारीखवार नोंद ठेवतं. ती उघडली. ३ ऑगस्ट, दुपारी ३ वाजून काही मिनिटं, काढून टाकलेल्या पॅकेजांची ओळ: त्यात एसओएफचं फर्मवेअर. आणि शेजारीच वायफायचं फर्मवेअर. वायफायही गेलं होतं. आम्ही केबलवर, म्हणून पत्ता लागला नाही.

कारण असं. डेबियन १२ पासून फर्मवेअरची पॅकेजं नॉन-फ्री या विभागातून काढून नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात ठेवली आहेत. मी स्रोतांच्या फाइलीत आवृत्तीचं नाव बदललं, पण हा नवा विभाग जोडला नाही. त्यामुळे एपीटीच्या दृष्टीनं ही पॅकेजं कुठल्याच स्रोतात नव्हती, म्हणून ती जुन्या पॅकेजांच्या यादीत आली, आणि ती यादी मी माझ्या हातानं साफ केली. आवृत्तीच्या टिपणांत हा बदल स्पष्ट लिहिलेला आहे. दोष अपग्रेडचा नव्हता आणि पाइपवायरचा तर अजिबात नव्हता.

विभाग जोडला, यादी ताजी केली, दोन्ही फर्मवेअर घातली, मशीन पूर्ण बंद करून सुरू केलं. कार्डाचं नाव आलं: एसओएफ-एचडीए-डीएसपी. स्पीकर आहे, माइक आहे, वायफाय आहे. पीएसीटीएल या आज्ञेला आवाजाच्या सर्व्हरचं नाव विचारलं तर उत्तर आलं: पल्सऑडिओ, पाइपवायर ०.३.६५ वर. म्हणजे जुन्या प्रोग्रामांना पल्सऑडिओच भेटल्यासारखं वाटतं, आत पाइपवायर काम करतो. हे असंच असायला हवं.

११ ऑगस्ट, रविवार

सहा दिवस काही तक्रार नाही. आज तालमीत नवं काहीतरी निघालं, आणि ते नानांनी पकडलं, मी नाही.

मी आरती लावली, मुलं वाजवायला लागली. नानांनी हात वर करून थांबवलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा थांबवलं. म्हणाले, “बाय, ह्यानं पहिली थाप खाल्ली.”

मला ऐकू आली नव्हती, म्हणजे ती नसल्याचं जाणवलं नव्हतं. मी म्हटलं, “नाना, कॅसेटच तिथून सुरू होत असेल.”

“कॅसेट मी वाजवलेली. थाप आहे तिथं.”

मूळ फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामात उघडली. लाटेच्या अगदी सुरुवातीला एक उंच, टोकदार उभार आहे, त्याच्यामागे घुमटाच्या मडक्याची घुमणारी शेपटी. थाप आहे. मग लॅपटॉप ती वाजवत का नाही? मोबाइल स्पीकरपाशी धरून वाजलेला आवाज टिपला आणि दोन्ही लाटा एकाखाली एक ठेवल्या. खालच्यात तो उभारच नाही. जवळपास तीन दशांश सेकंदाचा तुकडा सुरुवातीलाच कापलेला, दुसऱ्या थापेपासून सगळं बरोबर.

तीन दशांश सेकंद म्हणजे गाणं ऐकणाऱ्याला काहीच नाही. इथं त्या तीन दशांशात सगळं आहे. डावा तळवा मडक्याच्या लहान तोंडावर कधी ठेवायचा, उजवा हात चामड्यावर कधी पाडायचा, हे त्या पहिल्या थापेवरून ठरतं. शामेळवाला (शामेळ म्हणजे काठीनं वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळंवाला (कांसाळं म्हणजे झांज) तिच्यावरूनच उचल घेतात. आज मागं वळून बघितलं तर दोन मुलं दुसरी थाप हीच पहिली समजून वाजवायला लागलेली होती. आठ दिवसांत लॅपटॉपनं चुकीचा हात शिकवला. हे मला फार लागलं.

तालीम थांबवली नाही. मी तोंडानं एक-दोन म्हणून फाइल लावली, नानांनी पहिली थाप स्वतः वाजवली, आणि पुढं कॅसेट. घरी जाताना नाना म्हणाले, “मशीन झोपेतून उठल्यासारखं वाजतं.” तेव्हा ते बोलणं नुसतं ऐकून घेतलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

नानांचं वाक्य शब्दशः खरं निघालं.

तीच फाइल लागोपाठ दोनदा लावली. पहिल्या वेळी थाप नाही, दुसऱ्या वेळी आहे. मध्ये तीन सेकंद थांबून लावली: आहे. दहा सेकंद थांबून: नाही. चार: आहे. सहा: नाही. दहा-बारा वेळा केलं, सीमा प्रत्येक वेळी पाच सेकंदांच्या आसपास. शेजारच्या टर्मिनलवर आउटपुटची अवस्था बघत राहिले. फाइल थांबली की ‘रनिंग’चं ‘आयडल’ होतं, आणि पाच सेकंदांनी ‘सस्पेंडेड’. वायरप्लंबर वीज वाचवायला रिकामं आउटपुट झोपवतो. पुन्हा आवाज आला की चिप आणि ॲम्प्लिफायर जागे होईतो सुरुवातीचा तुकडा निघून जातो.

मग प्रश्न आला की हे डेबियन ११ वर का होत नव्हतं? पल्सऑडिओसुद्धा पाच सेकंदांनीच झोपवतो. वाचनालयाची जुनी वही काढली. २०२२ च्या मे महिन्याच्या पानावर माझ्याच अक्षरात: आरतीची सुरुवात कापली जाते, पल्सच्या डिफॉल्ट फाइलीतली सस्पेंड-ऑन-आयडलची ओळ बंद केली, आता ठीक. मी साफ विसरले होते. दोष तेव्हाही होता, उपायही मीच केला होता. तो उपाय पल्सऑडिओच्या फाइलीत लिहिलेला आणि पाइपवायर ती फाइल वाचतच नाही. अपग्रेडनं नवा रोग आणला नाही, जुनं औषध तेवढं बंद केलं.

ज्यांनी वर्षानुवर्षं आपल्या मशीनला असे लहान लहान उपाय केलेत, त्यांनी अपग्रेडच्या आधी ते सगळे एका कागदावर उतरवून काढावेत. काय गेलं ते शोधण्यापेक्षा काय होतं ते वाचणं कितीतरी सोपं.

उपाय: बुकवर्मचा वायरप्लंबर ०.४ च्या मालिकेतला, त्याची सेटिंगं लुआ भाषेत. मूळ अल्सा-कॉन्फिगची फाइल सिस्टिमच्या फोल्डरातून आपल्या घरच्या कॉन्फिग फोल्डरात नकलून घेतली. मूळ फाइलीत बदल करू नये, पुढच्या दुरुस्तीत तो पुसला जाईल. फाइलीत सस्पेंड-टाइमआउटची ओळ आधीच असते, पण तिच्या पुढं दोन आडवे डॅश असतात. लुआत डॅश म्हणजे ओळ वाचू नकोस. डॅश काढले, ५ चं ० केलं. शून्य म्हणजे कधीच झोपू नकोस. वायरप्लंबर पुन्हा सुरू केला. वायरप्लंबर ०.५ पासून ही लुआची पद्धत बदलली आहे, तेव्हा डेबियनच्या पुढच्या आवृत्तीवर जाताना हे पान आधी वाचायचं. वहीच्या मुखपृष्ठावर तसं लाल पेनानं लिहिलं.

दहा सेकंद थांबून फाइल लावली. थाप आली. पाच मिनिटं थांबून, अर्धा तास थांबून. आली. बॅटरी थोडी जास्त जाईल, जाऊ दे. नानांना फोन केला आणि फोन स्पीकरपाशी धरून वाजवलं. ते एवढंच म्हणाले, “आता बरोबर.”

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनानंतर कॅसेट क्र. ७ लावली. उतरवताना बारीक टकटक. पाइपवायरचं काम दाखवणाऱ्या पीडब्ल्यू-टॉपमध्ये चुकांचा रकाना प्रत्येक टकटकीबरोबर एकानं वाढत होता, म्हणजे फितीचा दोष नाही, मशीनला वेळेत पोचता येत नाही. पाइपवायरचा नेहमीचा तुकडा १०२४ नमुन्यांचा, ४८००० च्या वेगानं तो २१ मिलिसेकंदांचा होतो. तो २०४८ केला. कॅसेट उतरवायला थोडा उशीर चालतो. रकाना थांबला, टकटक थांबली. तरी कॅसेट डेकला थेट हेडफोन लावून तीच जागा ऐकून घेतली, स्वच्छ होती. विषय संपला.

१८ ऑगस्ट, रविवार

तालीम निम्म्यावर असताना स्पीकर अचानक मुका. गाणं चालू, रेघ पुढं सरकते आहे, आवाज नाही. सेटिंगमध्ये आउटपुटचं नाव: हेडफोन्स. जॅकमध्ये काहीही नव्हतं. स्पीकर हातानं निवडला की वाजे, थोड्या वेळानं आपोआप पुन्हा हेडफोन्सवर जाई. शेवटी एका मुलानं आणलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर पुढचं भागवलं.

काल संध्याकाळीच मी काही सुरक्षा दुरुस्त्या घेतल्या होत्या. त्यामुळे डोक्यात एकच: दुरुस्तीनं बिघडवलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. सकाळपासून याच्या मागं. जुना कर्नल निवडून सुरू केलं, तेच. वायरप्लंबरनं लक्षात ठेवलेल्या निवडी पुसल्या, तेच. नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या खात्यात बघितलं, तिथंही तेच. पाइपवायर पुन्हा घातला, तेच. नव्या वापरकर्त्याच्या खात्यातही तेच आहे म्हटल्यावर तिथंच थांबायला हवं होतं; माझ्या सेटिंगांचा दोष नाही हे तिथंच कळलं होतं. तरी तास गेले.

दुपारी फोंड्याच्या बाजारात एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी पाच मिनिटं बघितला आणि मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल म्हणाले. सांगितलेला आकडा वाचनालयाच्या वर्षभराच्या पुस्तकखरेदीपेक्षा मोठा. कशावरून गेलाय, हे विचारलं तर उत्तर नाही. लॅपटॉप उचलून परत आले. दुरुस्ती करणाऱ्यानं एवढं मोठं निदान कारण न दाखवता सांगू नये, असं मला मनापासून वाटतं. समोरचा माणूस त्या शब्दावर पैसे मोजणार असतो.

२० ऑगस्ट, मंगळवार

आज सुरुवात तळापासून केली, पहिल्या वेळेसारखी.

अल्साच्या कंट्रोलांची पूर्ण यादी काढली. त्यात हेडफोन जॅक नावाचं कंट्रोल असतं; ते कुणाला बदलता येत नाही, जॅकमधली बारीक कळ दाबली गेली की चालू, सुटली की बंद, एवढंच ते सांगतं. जॅक रिकामा आणि कंट्रोल म्हणत होतं चालू. पाइपवायर आणि वायरप्लंबर बिचारे खालून आलेल्या बातमीवर चालले होते. कुणी सांगतंय हेडफोन लावलाय, तर ते आवाज तिकडे पाठवणारच.

आता ही खोटी बातमी ड्रायव्हर देतो की जॅक? डेबियन ११ ची, फर्मवेअर घातलेली लाइव्ह प्रतिमा एका पेनड्राइव्हवर चढवली आणि लॅपटॉप तिच्यावरून सुरू केला. जुना कर्नल, जुना पल्सऑडिओ, माझा एकही बदल नाही. जॅक रिकामा. कंट्रोल: चालू.

दोन दिवस ज्याला दोष देत होते त्याचा काडीचा संबंध नव्हता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. शनिवारी दुरुस्ती घेतली, रविवारी जॅक बिघडला, आणि मी दोन्हींची मोट बांधली. ही पेनड्राइव्हची चाचणी पंधरा मिनिटांची आहे. यापुढं आवाज गेला की ती पहिली.

मग टॉर्च लावून जॅकमध्ये बघितलं. आतल्या पितळी पट्टीवर काळसर-हिरवट थर. ज्या मुलाचा इयरफोन आपण अधूनमधून लावतो त्याची पिन मागवून बघितली. टोकापासून दुसऱ्या कड्यावर तसाच हिरवा वळसा, बोटानं पुसला तर बोटाला लागला. तो भिजतच सायकलवरून येतो, इयरफोन शर्टाच्या खिशात. ओली पिन जॅकमध्ये, जॅक ऑगस्टच्या हवेत. इथं या दिवसांत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, घुमटाचं चामडं सैल पडून आवाज बसतो. जॅकमधली केसाएवढी पट्टी तेवढी कोरडी कशी राहणार?

कोरडी पिन दहा-बारा वेळा आतबाहेर केली. कंट्रोल कधी चालू, कधी बंद, कधी अडकलेलं. एकदा बंद झालं आणि स्पीकर वाजला, पुन्हा चालू. निदान पक्कं.

२१ ऑगस्ट, बुधवार

फार्मसीतून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश आणला. मशीन बंद, चार्जर काढलेला, मागचं झाकण उघडून बॅटरीची वायर सोडवलेली. जॅक खाली राहील असा लॅपटॉप कुशीवर धरला, म्हणजे द्रव आत बोर्डाकडे ओघळणार नाही. ब्रशाला ओल येईल एवढंच अल्कोहोल, आत घालून हलकेच गोल फिरवायचं, बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर पुसायचं. पहिल्या वेळी फडक्यावर हिरवट-काळा ठिपका पडला. सातव्या वेळी फडकं स्वच्छ. मग लॅपटॉप झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या मोठ्या पुड्यांसोबत, रात्रभर. शेजारच्या वहिनी म्हणाल्या तांदळात ठेव. तांदळाची भुकटी जॅकमध्ये जाते, म्हणून नको म्हटलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

बॅटरी जोडली, सुरू केला. कंट्रोल: बंद. पिन घातली: चालू. काढली: बंद. वीस वेळा केलं, वीसही वेळा बरोबर. स्पीकर वाजतो.

खर्च अल्कोहोल आणि ब्रशापुरता.

२५ ऑगस्ट, रविवार

पूर्ण तालीम, दोन तास, अडथळा नाही. ज्या दोन मुलांचा हात दुसऱ्या थापेवर बसला होता त्यांना नानांनी वेगळं घेतलं. हात एकदा बसला की मोडायला वेळ लागतो. नाना रागावले नाहीत. त्यांच्या हातावर आपला हात ठेवून पहिली थाप पन्नास वेळा वाजवून घेतली, मग फाइल लावायला सांगितली. मी प्रत्येक वेळी मुद्दाम मिनिटभर थांबून लावत होते. एकदाही कापली नाही.

१ सप्टेंबर, रविवार

लॅपटॉपसाठी झाकणाचा डबा कायमचा ठरवला. पुड्या दर पंधरवड्याला कोरड्या करून घ्यायच्या. जॅकसाठी रबराचं बूच घेतलं. मुलांचा इयरफोन या मशीनला लावायचा नाही. लागला तर यूएसबीवरून.

वाचनालयात नवीन येणाऱ्या मुलीला वही दाखवली आणि आवाज गेला तर काय करायचं ते समजावलं. कार्ड यादीत आहे का ते आधी बघ. नसेल तर कर्नलच्या नोंदी वाच, सेटिंगांना हात लावू नकोस. कार्ड असेल आणि आवाज नसेल तर जॅकचं कंट्रोल बघ. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, बदललीस की वेळ घालून लिही. तिनं विचारलं, “ताई, वेळ कशाला?” मी तिला एपीटीची ३ ऑगस्टची ओळ दाखवली.

८ सप्टेंबर, रविवार

काल चवथ. संध्याकाळी आमच्याकडची पहिली आरती मुलांनीच उचलली. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखाली) बसायला जागा नव्हती, म्हणून मी दारात उभी. लॅपटॉप वाचनालयात बंद होता, त्याचं तिथं काही काम नव्हतं. पहिली थाप सहाही घुमटांवर एकदम पडली. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

आज सकाळी कॅसेट क्र. ८ ची अ बाजू उतरवली. ब बाजूच्या फितीवर बुरशी आहे, ती कोरड्या कपड्यानं साफ करून उद्या लावणार.